पडलेला लॅपटॉप, दडवलेली खोट

आजकाल लहानात लहान पेढीवरही लाल वहीच्या जागी लॅपटॉप आला आहे. भिवंडीचा यंत्रमागवाला असो, मालेगावचा साडीचा व्यापारी असो की सोलापूरचा चादरवाला, जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल आणि उधारीची खाती सारे त्याच एका डब्यात असते. हा डबा हातून पडला तर काय करावे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही नव्हते. ते शिकण्याची किंमत आम्ही मोजली, म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हे चार शब्द.

आम्ही जोहरच्या नमाजला गेलो असताना पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या मुलाचा पाय चार्जरच्या वायरीत अडकला आणि चालू लॅपटॉप काउंटरवरून फरशीवर पडला. मुलाने तो उचलला, पुसला, जागेवर ठेवला. पडदा उजळलेला पाहून त्याच्या जिवात जीव आला व त्याने कोणालाही काही सांगितले नाही. दोन दिवसांनी आतून टक् टक् आवाज येऊ लागला, काम अडू लागले. आम्ही तो बंद करून पुन्हा चालू करावा, असे सात-आठ वेळा केले. शेवटी तो उघडेनासा झाला. दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "हा पडला होता का?" आम्ही ठामपणे नाही म्हणालो. मुलगा मान खाली घालून उभा होता.

आमच्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती. अशा डिस्कमधील चकती मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते आणि माहिती वाचणारे टोक चकतीला न टेकता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून फिरते. चालू असताना धक्का बसला की हे टोक चकतीवर आपटून ओरखडा उठू शकतो. त्यानंतर ती जितकी फिरेल तितके नुकसान वाढते. ताण्याचा धागा तुटलेला असूनही माग चालूच ठेवला तर कापडाचे जे होते, तेच हिशेबाचे होते. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती धक्का अधिक सोसते. परंतु ती बिघडते तेव्हा पुष्कळदा आवाज करून इशाराही देत नाही.

सबब, लॅपटॉप पडला की प्रथम चार्जर काढावा. बॅटरीच्या बाजूला फुगवटा, जास्त उष्णता किंवा उग्र वास जाणवला तर तो चालू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. लिथियमची बॅटरी दुखावली तर पेट घेऊ शकते, आणि आपल्या दुकानात चहूकडे कापडाचे तागे असतात. तो उघड्या जागी ठेवून जाणकाराला बोलवावे. टक् टक् किंवा घरघर ऐकू आली तर त्याच क्षणी बंद करून हिशेब परत काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावा. डिस्क स्वतः उघडू नये. धुळीचा कणही तिला घातक असतो. यापैकी काही नसेल आणि यंत्र नीट चालत असेल, तर सर्वांत आधी सगळा हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. पडदा, बिजागरी, चार्जिंगचे तोंड आणि डिस्कची तपासणी त्यानंतर. डिस्क दुरुस्त करणारी आज्ञाही नक्कल काढण्यापूर्वी देऊ नये.

हा क्रम आम्हाला ठाऊक असता तर मोठे संकट टळले असते. आमची शेवटची नक्कल आठ महिन्यांपूर्वीची होती. विक्रीची बिले भरलेल्या जीएसटीआर-१ मधून व खरेदीची जीएसटीआर-२बी मधून बरीचशी जुळवता आली. बँकेतून आलेली रक्कम पासबुकात सापडली. पण रोखीने कोणी किती दिले, ते कुठे शोधणार? ज्याने पैसे दिले त्याच्याकडे पुन्हा मागणे हा जुलूम, आणि न मागावे तर आपले बुडते. अखेर जिथे पुरावा नव्हता तिथे गिऱ्हाईकाचा शब्द मानायचे ठरविले. त्यात काही ठिकाणी तोटा आला. एका खेड्यातील दुकानदाराने मात्र स्वतःची वही पुढे ठेवली. तीत आमचे चौदा हजार येणे निघाले, जे आम्हाला आठवतही नव्हते.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिलेले सांभाळणे हाही त्याच जबाबदारीचा भाग, असे आम्हाला वाटते. कायदाही तेच सांगतो. जीएसटीखाली हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि नियम ५७ नुसार संगणकावरील हिशेबाची नक्कल अशा रीतीने ठेवायची असते की अपघातात मूळ नष्ट झाले तरी ते वाजवी वेळेत परत उभे करता यावे.

आता त्या मुलाविषयी. दोषी कोण, असे आम्ही स्वतःला विचारले. वर्षापूर्वी त्याच्या हातून एका ताग्यावर चहा सांडला, तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत आम्ही त्याला नको ते बोललो होतो. मग पडलेला लॅपटॉप त्याने दडवला यात नवल ते काय? हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची दहा वर्षे सेवा केली, त्यांना कधी साधे 'हुं' म्हणूनही दटावले गेले नाही. हनफी फिकहनुसार पगारी नोकराच्या हातातील मालकाची वस्तू अमानत असते; हेळसांड किंवा अतिरेक नसताना ती बिघडली तर भरपाई नोकरावर येत नाही. एखाद्या प्रसंगाचा निवाडा मुफ्ती साहेबांना विचारूनच करावा. आम्ही पगारातून एक रुपयाही कापला नाही. पडल्याची किंमत दुरुस्तीपुरती होती. दडविल्याची किंमत आठ महिन्यांचा हिशेब. तो धाक आम्हीच घातला होता.

हीच दडवण्याची सवय पुढेही नडते. साधारण वॉरंटीत पडून झालेले नुकसान येत नाही, त्यासाठी वेगळी योजना घ्यावी लागते. मग "आपोआप बंद पडला" असे सांगून फुकट दुरुस्ती मागणारे आम्ही पाहिले आहेत. कोणी तो वरवर पुसून जुन्या बाजारात विकतात. वर कोरडे आणि आत ओले धान्य ठेवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) कोणत्या शब्दांत फटकारले, हे आपण सारे जाणतो. आपण सेकंडचा तागा फ्रेश म्हणून विकत नाही. मग पडलेला लॅपटॉप न सांगता कसा विकावा?

आज आमच्या पेढीवर दुकान वाढवताना रोज हिशेबाची नक्कल निघते. एक दुकानात राहते, एक घरी जाते. पाच मिनिटांचे काम आहे. आणि नोकरांना सांगून ठेवले आहे की काहीही पडले, सांडले, तुटले तरी त्याच घटकेला सांगा, कोणी रागावणार नाही. पहिली गोष्ट सोपी होती. दुसरी पाळताना आमची जीभ अजूनही आवरावी लागते. अल्लाह आपणा सर्वांना व्यवहारात सचोटी आणि हाताखालच्या माणसांशी नरमाई देवो. आमीन.