भट्टीवरचा डबा



अशोक विजयादशमी झाली, नागपूरला गेलेली मंडळी परतली, की शाळांना दिवाळीची सुट्टी लागते. आपल्या पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजन होत नाही. पण पोरे घरी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि शेजारच्या घरातून तळणाचा वास येत असतो. लहान पोराला तत्त्वज्ञान सांगून त्याचे समाधान होत नाही, त्याला काहीतरी खमंग खायला हवे असते. मग घरातल्या बाईपुढे प्रश्न उभा राहतो : करायचे काय, किती, आणि पैसा आणायचा कुठून? नेमक्या याच सुमारास आपल्याकडच्या लहानमोठ्या गावांतल्या बेकऱ्यांवर पाटी लागते : ‘नानकटाई भाजून मिळेल.’ या आठवड्यात आम्हाला या पाटीविषयीच बोलायचे आहे.

ज्यांनी हे केलेले नाही त्यांच्यासाठी रीत थोडक्यात सांगतो. घरून पीठ, पिठीसाखर, तूप आणि एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन जायचे. बेकरीतला कारागीर तूप-साखर फेसून पीठ मळून देतो. गोळे वळून पत्र्यावर मांडायला घरची मंडळी हात लावतात. पत्रे भट्टीत जातात आणि भाजून झालेला माल आपल्या डब्यात भरून मिळतो. मजुरी किलोवर ठरलेली. सामान आपण दिलेले, म्हणून पोटात काय जाणार हे आपल्याला ठाऊक असते. तळणाचे काम नाही, म्हणून कढईत उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवून वापरण्याचा मोहही नाही. आणि मुख्य म्हणजे हे काम एकट्या बाईचे राहत नाही. डबा उचलायला बाप, गोळे वळायला पोरे, हिशेबाला मोठी मुलगी, अशी सगळी फौज कामाला लागते.

भट्टीपुढच्या त्या रांगेकडे जरा नीट पाहा. मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, मराठा, माळी, सगळ्यांचे डबे एकामागे एक लागलेले असतात आणि सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जातात. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी जमली आणि तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनच्या घरचे बिस्कीट खाल्ले तर माणूस बाटतो, असा तो काळ होता. जिथे उच्चवर्णीयांची ही गत, तिथे आपल्या आजोबा-पणजोबांची काय कथा? हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी आणि ती त्यांनीच धुऊन ठेवायची. आज आपल्या घरची नानकटाई शेजारी हात पुढे करून घेतो, हे आपोआप घडलेले नाही. म्हणून भट्टीवर जाताना पोरांना सोबत न्या आणि ही गोष्ट त्यांना रांगेतच सांगा.

आता सामानाचे पाहू. घरोघरी चालणारे प्रमाण असे : चार वाट्या मैदा, दोन वाट्या वनस्पती तूप, दोन वाट्या पिठीसाखर. यात थोडा बदल करा. दोन वाट्या बारीक दळलेले गव्हाचे पीठ, एक वाटी ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ आणि एक वाटी बेसन घ्या. साखर दोन वाट्यांवरून सव्वा वाटीवर आणा. तूप मात्र फार कमी करू नका, नानकटाई दगडासारखी होते. पावणेदोन वाट्या तूप पुरते. वेलदोडा किंवा जायफळ, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. वेलदोड्याच्या वासामुळे साखर कमी पडल्याचे पोरांच्या ध्यानातही येत नाही.

ज्वारी आणि नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून नुसत्या त्याच पिठाची नानकटाई हातात घेतली की भुगा होते. निम्मे गव्हाचे पीठ हवेच. बाजरी आपल्या नगरच्या कोरडवाहू रानाचे हक्काचे धान्य. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जाहीर केले, तेव्हा शहरांतल्या मोठ्या दुकानांत बाजरीची बिस्किटे दिसू लागली. जी भाकरी गरिबाची म्हणून हिणवली गेली, तिला असे चांगले दिवस आले! बाजरीही जरूर वापरा, फक्त पीठ ताजे दळून आणा. बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचे पीठ लवकर कडवट होते.

बेकरी लांब असेल तर कुकरही चालतो. कुकरच्या तळाला जाड मीठ किंवा कोरडी वाळू पसरा. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवा. आत पाणी नसते, म्हणून हे विसरून चालणार नाही. दहा मिनिटे तापवून आत तिवई ठेवा, तिच्यावर तूप लावलेल्या ताटलीत गोळे मांडा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजा. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते, ती गार झाल्यावर कडक होते. कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजू नये.

इतके केले म्हणजे नानकटाई औषध झाली, असे मात्र कोणी समजू नका. गोड ते गोडच. आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. पुढे जिल्हाभर कारखाने झाले. साखर पिकवणाऱ्या, तोडणाऱ्या आणि पोत्यात भरणाऱ्या हातांनीच ती जपून खायची वेळ आता आली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, म्हणजे साधारण सहा लहान चमचे. आम्ही पडलो कारकून, हिशेब केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे चहातच संपले! नानकटाई अजून डब्यातच आहे. तेव्हा सुट्टीत गोड खायचे असेल तर चहाची साखर निम्म्यावर आणा. साखरेऐवजी गूळ घातला की डायबेटिसवाल्याला चालते, हाही गैरसमज आहे. गुळानेही रक्तातली साखर वाढतेच.

मिठाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे, असे तीच संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण यांतून ते नकळत दुप्पट होते. घरात ब्लडप्रेशरचे माणूस असेल तर त्याच्या ताटात सुट्टीतही फरसाणाऐवजी भाजलेले फुटाणे-शेंगदाणे ठेवा.

डबा तयार झाला. आता तो द्यायचा कोणाला? सुट्टी आली की देण्याघेण्याचा विषय निघतो. बहिणीला साडी, जावयाला कपडे, भाच्यांना खेळणी. देण्यात आनंद आहे, याबद्दल वाद नाही. पण हप्त्यावर उचललेल्या पैशातून घेतलेली साडी बहिणीच्या अंगावर दोन वर्षे टिकते आणि भावाच्या मानेवरचा हप्ता वहिनीच्या मजुरीतून फिटतो. असला आहेर बहिणीलाही गोड लागणार नाही. त्यापेक्षा घरच्या भट्टीवरचा अर्धा किलो डबा आणि त्यासोबत एक पुस्तक द्या.

पुस्तकाने काय होते, असे कोणी विचारील. बाबासाहेब विद्यार्थी असताना परीक्षेतल्या यशाबद्दल त्यांचा सत्कार करायचे लोकांनी ठरवले. वडील सुभेदार रामजी सकपाळ आधी तयार नव्हते, पोराच्या डोक्यात हवा जाईल अशी त्यांना धास्ती. त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या मध्यस्थीने सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ त्या मुलाला भेट दिले. त्या पुस्तकाचा आपल्यावर केवढा परिणाम झाला, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, ते आपण सर्व जाणतो. एका शिक्षकाने एका पोराला दिलेली ती भेट होती. तिची किंमत कशी करायची?

सगळ्यांनाच पुस्तक नको असते, तेही खरे. आजीला, मावशीला परसातले बी द्या. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. पण वालाचे, घेवड्याचे, भातांचे देशी वाण जपून त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कागदाच्या पुडीत बांधलेले मूठभर वालाचे बी दारात वेल धरते आणि हंगामभर भाजी देते. सुट्टीतली ही भेट पोटालाही लागते.

आणखी एक डबा विसरू नका. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आपली कितीतरी कुटुंबे या दिवसांत कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्यासोबत पोरेही जातात आणि शाळा मागे राहते. नानकटाई कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकते. तो डबा, दोन वह्या आणि एक गोष्टीचे पुस्तक त्या पोरांच्या हाती द्या. जमले तर तिथून पुढे जा. आजी-आजोबांपाशी किंवा आपल्या घरी ठेवून घेता येईल असे एखादे पोर असेल, तर त्याच्या आईबापांशी बोला. नगरच्या मातीला मुलांच्या शिक्षणाचे जुने देणे आहे. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याआधी त्यांनी इथे मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही मिस फरार यांच्याकडेच झाले. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी हे देणे तसेच आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती येते, तोवर एका तरी पोराचे नाव शाळेच्या हजेरीत टिकवू या.

शेवटी घरातल्या सवयींबद्दल दोन शब्द. सुट्टीत घरातली बाई सगळ्यांना वाढते आणि मागून उरलेसुरले खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्ताने कमी आढळल्या. हा आकडा सरकारी कागदावरचा असला, तरी तो आपल्या चुलीपुढे बसलेला आहे. तेव्हा या सुट्टीपासून सगळ्यांनी एकत्र ताटावर बसावे आणि आईच्या ताटात पालेभाजी व उसळ पहिल्यांदा वाढावी. जेवणात लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने ते वाया जाते.

बाप्यांना तर वेगळे सांगायला नको. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. रोजचे २० रुपये धरले तरी वर्षाचे ७,३०० होतात. सगळ्यांचे आहेर, पुस्तके आणि भट्टीची मजुरी त्यात भागून वर पैसे उरतील. दारू न पिण्याची प्रतिज्ञा तर बावीस प्रतिज्ञांतच आहे. ती सुट्टीत सुट्टीवर जात नाही. आणि आया-बहिणींनो, तुमची मिश्री हीसुद्धा तंबाखूच. पोरी तुमचे पाहून शिकतात.

तेव्हा येत्या रविवारी डबा धुऊन वाळत घाला, ज्वारी दळायला टाका आणि जवळच्या बेकरीत दर विचारून या. दुकानदाराला आधी विचारलेले बरे, गर्दीत वेगळे पीठ तो मळून देईलच असे नाही. घरची सगळी मंडळी बरोबर न्या. एक डबा घरात, एक बहिणीला, एक ऊसतोडीच्या पोरांना. इतके जमले तरी सुट्टी सार्थकी लागली असे आम्ही समजू.

तूर्त इतकेच. जय भीम.