विश्लेषण : एचआयव्हीबाधितांनी कर्करोगाशी संबंधित कोणती चाचणी करावी?

अहिल्यानगरमध्ये १९८९ साली ‘स्नेहालय’चे काम सुरू झाले, तेव्हा एचआयव्हीवर परिणामकारक उपचार नव्हते. आज नियमित औषधांवर बाधित व्यक्ती दीर्घायुष्य जगते. म्हणूनच आता कर्करोगाचा धोका वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते. मात्र प्रत्येक चाचणी उपयोगाची नसते.

हर्पिस कुळातील कोणते विषाणू कर्करोगाशी संबंधित?

मुख्यतः दोन. १९६४ मध्ये सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू लिम्फोमाच्या काही प्रकारांशी जोडलेला आहे. १९९४ मध्ये सापडलेल्या एचएचव्ही-८ मुळे कापोसी सार्कोमा होतो. त्यात त्वचेवर, तोंडात जांभळट चट्टे किंवा गाठी येतात. आफ्रिकेच्या काही भागांत तो बराच आढळतो; भारतात क्वचित.

त्यांची रक्तचाचणी करून घ्यावी का?

लक्षणे नसतील तर नाही. एपस्टाइन-बार विषाणू दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. हा विषाणू शरीरातून काढून टाकणारे औषधही नाही. त्यामुळे हाती भीती आणि खर्चच उरतो.

मग चाचणी केव्हा?

गाठ वाढणे, लांबलेला ताप, वजन घटणे अशी लक्षणे असतील तेव्हा. हीच लक्षणे क्षयरोगातही दिसतात. म्हणून केवळ अंदाजाने उपचार न करता गाठीचा तुकडा तपासावा लागतो. त्या तुकड्यात विषाणू आहे का, हे निदानासाठी उपयोगी ठरते.

बचाव कशाने?

एआरटी औषधांत खंड न पाडणे. प्रतिकारशक्ती टिकली की हे विषाणू काबूत राहतात. देशात ही औषधे २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी-४ कितीही असला, तरी उपचार सुरू होतात.

कोणती तपासणी टाळू नये?

महिलांनी गर्भाशयमुखाची. तिथल्या कर्करोगाला कारणीभूत एचपीव्ही हर्पिस कुळातला नाही. पण एचआयव्हीबाधित महिलांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यांना पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. शेजारच्या धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण महिलांत एकदाच केलेल्या या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कर्करोगापूर्वीचे बदल सापडले, तर ते साध्या उपचाराने काढता येतात. खर्च आणि बुडणारी मजुरी सोसायचीच, तर ती या तपासणीसाठी.