चौकटींच्या वहीतील दोलक

दोलक म्हटले की तुम्हाला दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा आठवतो. पण दोलक कागदावरही असतो. चौकटींची वही घ्या आणि आडव्या ओळीतील लागोपाठ तीन घरांत टिंबे द्या. प्रत्येक घराला आठ शेजारी. भरलेल्या घराचे दोन किंवा तीन शेजारी भरलेले असतील तर ते टिकते, नाहीतर रिकामे होते. रिकाम्या घराचे नेमके तीन शेजारी भरलेले असतील तर ते भरते. आता पुढची पिढी काढा. आडवी ओळ उभी होईल, त्यानंतर पुन्हा आडवी. आवर्तनकाल 2 !

गणितज्ञ जॉन कॉन्वे यांचा हा खेळ 1970 साली मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून जगभर पोचला. प्रत्येक पूर्ण संख्येइतक्या आवर्तनकालाचा दोलक यात असतो का ? 'होय' हे उत्तर मिळायला 2023 साल उजाडले. 19 आणि 41 हे शेवटी उरलेले आवर्तनकाल त्या वर्षी सापडले.

संगणक हे सारे क्षणात दाखवतो. तरीही माझे मत असे, की हा खेळ आधी हाताने खेळावा. पिढी नव्या जागी न काढता तीच टिंबे डावीकडून एकेक खोडू लागलात, तर काय होते ? पहिले खोडताच मधल्याला एकच शेजारी उरतो. तेही जाते, मग तिसरेही. दोलक संपला ! सर्व घरे एकाच वेळी बदलली पाहिजेत, हा न लिहिलेला नियम हात चालवल्यावरच कळतो.

मग क्रमाने नेहमीच फरक पडतो का ? नाही. दुसरा खेळ पाहा. घराघरांत वाळूचे कण ठेवा. एखाद्या घरात चार झाले, की चार बाजूंच्या घरांना एकेक द्या. कडेचे कण बाहेर पडतात. येथे कोणते घर आधी रिकामे केले याने शेवटच्या चित्रात फरक पडत नाही. हे 1990 साली दीपक धर यांनी सिद्ध केले, तेही आपल्या मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. मुलुंडहून लोकलने शेवटचे स्थानक गाठले, की पुढे थोडेच अंतर ! 2022 साली त्यांना बोल्ट्झमान पदक मिळाले.

शिक्षकांनी 'अभ्यासक्रम संपत नाही' म्हणून हे टाळू नये. एक तास पुरे. नियम पाठ करणारा विद्यार्थी उत्तर देतो. क्रम बदलून पाहणारा प्रश्न विचारतो. विज्ञानाला दुसऱ्याची गरज अधिक आहे.