हाताचा गुण की फळाचा?

पदार्थ चांगला झाला की तो हाताचा गुण आणि बिघडला की तोही हाताचाच दोष, असा एक सोयीस्कर न्याय आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भाकरी फुगली, हात चांगला. दही लागले नाही, हात वाईट. या न्यायाला पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही, आणि आरोपी मात्र नेहमी एकच असते : चुलीपुढची बाई. हा न्याय किती पोकळ आहे हे मला घरी केलेल्या जॅमच्या उदाहरणाने दाखवायचे आहे. वार्षिकांकात कविता, प्रवासवर्णने आणि वैचारिक लेख यांच्या पंगतीत ही जॅमची बरणी कोणी आणून ठेवली, असे काही वाचकांना वाटेल. पण मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेच्या घरची मुलगी आहे. आमच्याकडे हा प्रश्न वैचारिकही आहे आणि पोटाचाही आहे.

काढणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या प्रत्येक शेडमध्ये द्राक्षांची दोन कुळे होतात. लांब, एकसारख्या मण्यांचे घड पेटीत जातात. बारीक, सुटे, किंचित तडकलेले मणी क्रेटमध्ये उरतात. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर हे दुसरे कूळ फार वाढते. व्यापारी त्याला देईल तो भाव. मग घरातल्या बाया म्हणतात, निदान जॅम तरी करू. जॅमने बाग वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण बचत गटाच्या टेबलावर मांडलेल्या चार बाटल्या विकल्या गेल्या, तर तो पैसा बाईच्या हातात येतो. तिच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

अडते ते इथेच. जॅम आळत नाही. बाटली आडवी केली की सरबतासारखा वाहतो. आमच्या थोरल्या काकूंच्या गटाच्या एका वर्षीच्या बाटल्या दुकानदाराने अशाच परत पाठवल्या. पुढच्या खेपेस त्यांनी तो इतका आटवला की चमचा उभा राहिला, आणि चवीला जळक्या काकवीसारखा लागला. घरात निकाल लागला : "हिच्या हातात जॅम नाही." दोन खेपांचे द्राक्ष, साखर, गॅस आणि चार बायांची उमेद या एका वाक्यात बुडाली. काकूंनी पुन्हा पातेले चढवले नाही.

आता त्या पातेल्यात काय घडत होते ते पाहू. जॅम घट्ट होतो तो केवळ साखरेच्या पाकाने नव्हे. त्याला पेक्टिन नावाचे द्रव्य लागते. हे द्रव्य फळांच्या पेशींच्या भिंतींत असते आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवते. १८२५ साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला 'गोठणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. फळ शिजले की पेक्टिनचे लांब धागे रसात उतरतात. हे धागे एकमेकांना दूर लोटत असतात. रसात पुरेसा आंबटपणा असला की त्यांचे भांडण मिटते. पुरेशी साखर असली की ती भोवतालचे पाणी आपल्याकडे ओढून घेते. मग धागे जवळ येतात, त्यांचे जाळे विणले जाते आणि त्या जाळ्यात रस अडकतो. यालाच आपण जॅम जमला असे म्हणतो. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर या तिघांपैकी एकाने जरी दगा दिला तरी सुगरणीतली सुगरणही हात टेकील.

आमचे द्राक्ष नेमके इथे कमी पडते. पिकलेले थॉमसन द्राक्ष खायला गोड, म्हणजेच आंबटपणाला कमी. पेक्टिनही त्यात बेताचे, आणि फळ जसजसे पिकते तसतसे ते आणखी मोडत जाते. याउलट पेरू, कवठ, कैरी, करवंदे आणि लिंबाची साल ही पेक्टिनची कोठारे आहेत. आपल्या आज्यांचा कैरीचा साखरांबा कोणतीही पूड न घालता आळतो, याचे कारण कैरीने पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही पदरचे आणलेले असतात. आजीच्या हाताला मी कमी लेखत नाही. परंतु तोच हात पिकल्या द्राक्षाला लावला असता तर आजीलाही घाम फुटला असता.

जॅम पातळ राहिला की सामान्यतः दोन उपाय होतात : आणखी साखर आणि आणखी आच. दोन्ही उलटतात. साखर जास्त झाली की बरणीत खडे धरतात. आणि आंबट रसात पेक्टिन फार वेळ उकळले की त्याचे धागे तुटतात. म्हणजे जो जाळे विणणार त्याचेच हात आपण कापतो. काकूंनी जॅम तासभर आटवला तेव्हा पाणी गेले, रंग गेला, वास गेला, आणि पेक्टिनही गेले. उरला तो पाक.

पुस्तकातली कृतीही डोळे मिटून चालत नाही. जॅम १०५ अंश सेल्सिअसला उतरवावा असे अनेक पुस्तकांत असते. ते समुद्रकाठच्या गावाला खरे. तिथे पाणी १०० अंशांना उकळते आणि जॅमची वेळ त्याच्या सुमारे ५ अंश वर येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून आपला जॅम १०३ अंशांनाच तयार होतो. जी बाई पुस्तकावर विश्वास ठेवून १०५ ची वाट पाहील तिचा जॅम चिक्कीच्या वाटेला लागेल. महाबळेश्वर याहून दुपटीने उंच. तिथे आकडा आणखी खाली येईल. मुंबईच्या मापाने नाशिकच्या बाईला नापास करण्यात कोणता न्याय आहे?

उंचीने ज्याला फरक पडत नाही असे एक साधन प्रत्येक किराणा दुकानात आहे : तराजू. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनी जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के आणि फळ किमान ४५ टक्के असावे असे ठरवले आहे. हा ६५ चा आकडा घेऊन हिशेब मांडू. एक किलो द्राक्षाच्या गरात मुळातच दोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. वरून पाऊण किलो घातली की साडेनऊशे झाली. ती एकूण वजनाच्या ६५ टक्के व्हायची, तर तयार जॅम दीड किलोच्या किंचित आत भरला पाहिजे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवावे आणि मधून मधून पातेले काट्यावर चढवावे. वजन भरले की गॅस बंद. यात हाताचा गुण कुठे आला? हे तर तिसरी-चौथीचे गणित आहे.

राहिले पेक्टिन. बाजारात त्याची पूड मिळते. ती सफरचंदाच्या चोथ्यापासून आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून काढतात. 'केमिकल' म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी कारखान्याच्या जॅमच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. बहुतेक वेळा तिथे पेक्टिन हा शब्द किंवा ४४० हा त्याचा आकडा सापडेल. पूड वापरायची तर ती पाचपट साखरेत कोरडीच मिसळून मग घालावी, नाहीतर गुठळ्या होतात. पण माझे मत विचाराल तर नाशिकमध्ये पहिला मान पेरूचा. अर्धेकच्चे, टणक पेरू चिरून, बुडतील इतक्या पाण्यात थोडे लिंबू पिळून अर्धा तास शिजवावेत आणि न पिळता सुती फडक्यातून रस गळू द्यावा. किलोभर द्राक्षाच्या गराला हा रस पाव किलोच्या आसपास लागतो. विरळणीत पडणारे हिरवे मणी फुकट मिळतात आणि आंबटही असतात. तरी त्यांच्यावर ताज्या फवारण्या झालेल्या असतात, म्हणून तो मोह टाळलेला बरा. बुरशी धरलेला मणीही पातेल्यात जाता कामा नये.

रसात पेक्टिन पुरेसे आहे का, हेही अंदाजावर सोडायला नको. शिजवून गार केलेला, साखर न घातलेला एक चमचा रस वाटीत घ्यावा आणि जखमा पुसायचे स्पिरिट दोन-तीन चमचे घालून हलकेच हलवावे. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर. मोठे तुकडे झाले तर मध्यम. नुसते धागे तरंगले तर पेरूचा रस वाढवावा. ही वाटी मुळीच चाखू नये, लगेच ओतून टाकावी. पुढे गर आधी नुसता मऊ शिजवावा, मगच साखर आणि दोन लिंबांचा रस घालून मोठ्या आचेवर भराभर उकळावे. एका वेळी किलो-दोन किलोच करावे, कारण पातेले भरले की वेळ लांबतो आणि वेळ लांबला की पेक्टिन मोडते. शेवटी गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलावा. सुरकुती पडली की झाले. शिजेपर्यंत दम धरवतो पण निवेपर्यंत धरवत नाही, ही म्हण जणू जॅमसाठीच जन्मली आहे. जाळे निवताना विणले जाते. गरम जॅम पातळ दिसला म्हणून त्याला पुन्हा आचेवर ठेवणे किंवा बाटल्या सारख्या हलवून पाहणे, हा अधीरपणा अंगाशी येतो.

माझा मुद्दा एवढाच आहे, की यातले एकही पाऊल दैवी नाही. सारे मोजता येते, लिहिता येते आणि दुसरीला शिकवता येते. 'हाताचा गुण' हा शब्द कौतुकाचा वाटतो, पण त्यात एक डाव आहे. जे हातात आहे ते ज्ञान नव्हे, ती देणगी. आणि देणगीला मोबदला कोण देतो? शेतकरी औषधाचे प्रमाण चुकला तर कृषी अधिकाऱ्याला विचारतो. त्याच्या हाताला कोणी नावे ठेवत नाही. त्याच घरातली बाई प्रमाण चुकली तर मात्र तिला विचारायला कोणी नसते, फक्त बोलायला सगळे असतात. १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन कितीतरी नवख्या मुलींना उभे केले, ते याचमुळे. अंदाजाला मापात बसवले की स्वयंपाक वारशाने मिळण्याची गरज उरत नाही.

यावर काही प्राध्यापक म्हणतील, हे विज्ञान शाखेचे काम. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यात का पडावे? मला वाटते, भाषा आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच यात पडावे. पेक्टिनचे शास्त्र १९५० पासून म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अभ्यासले जात आहे. ते निफाडच्या ओट्यापर्यंत पोहोचत नाही, कारण ते तिच्या मराठीत, तिच्या पातेल्याच्या मापाने कोणी लिहीत नाही. ते लिहिणे हे आपले काम नव्हे काय? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावाला स्वच्छतेवर भाषणे देतो. एका शिबिरात एक तराजू, चार किलो पेरू आणि एक स्वच्छ हस्ताक्षरातला कागद घेऊन गेलो, तर भाषणापेक्षा तो कागद अधिक दिवस भिंतीवर टिकेल.

तोवर एक तरी करू या. घरात कुणाचा जॅम वाहिला, तर "हात चांगला नाही" असे म्हणण्याआधी विचारू या : फळ कोणते होते, किती पिकले होते, लिंबू किती घातले, वजन किती भरले? या प्रश्नांची उत्तरे सापडतात. हाताला दोष देऊन मात्र आजवर एकही बरणी घट्ट झालेली नाही.