कळसाचें दर्शन

न्यूझीलंडांतील नाउरुहोए हा ज्वालामुखी १९७५ नंतर शांत आहे. ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ (२००१–२००३) या चित्रपटत्रयींत तो असुरभूमीचा अग्निपर्वत म्हणून झळकला आणि तेथें प्रवाशांची रीघ लागली. परंतु माओरी लोकांस तो पूर्वजांप्रमाणें पूज्य. त्यांचे नायक ते हेउहेउ यांनीं १८८७ सालीं तेथील पवित्र शिखरें सरकारच्या स्वाधीन केलीं, तीं अखंड राखलीं जावींत म्हणूनच. पायथ्याजवळून सुमारें २० किलोमीटरांची वाट जाते. ती खुशाल चालावी, शिखरावर मात्र चढूं नये, अशी प्रवाशांस विनंति असते. आपणही कळसाचें दर्शन खालूनच घेतों. तेव्हां आमचें तरुण वाचकांस एवढेंच सांगणें कीं, घरची ही रीत परदेशींही पाळावी.