दिवाळीची भेट कोणाच्या दारी?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी डिलिव्हरीवाल्या मुलांची रांग लागते. सुकामेव्याचे डबे, सुगंधी मेणबत्त्या, सोनपापडीची खोकी. बहुतेकांवर कंपनीचे नाव छापलेले असते, पाठवणाऱ्याचे अक्षर कुठेच नसते. कितीतरी खोकी न उघडताच पुढच्या घरी रवाना होतात. हे पाहून दिवाळीच्या भेटींवरून माझे मन उडाले आहे.

खर्चाचे मला दुःख नाही. सणाला चार पैसे सुटले की शिंप्याच्या, कुंभाराच्या, हलवायाच्या घरी दिवाळी होते. सलते ते वेगळेच. ज्याच्याकडे आपले काम अडले आहे, ज्याची सही हवी आहे, ज्याचे घर आधीच भरलेले आहे, त्याच्याच दारी भेटी जातात. यात प्रेम नाही, पुढच्या वर्षाची तजवीज आहे.

आपली रीत अशी नव्हती. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याचे पान देतात, तेव्हा देणारा गरीब की श्रीमंत हे पानावरून कळत नाही. धनत्रयोदशीचा नैवेद्य धने-गुळाचा. पोस्टमन, रखवालदार, झाडूवाले दिवाळीची पोस्त मागायला येत, आणि ती मागताना कोणाची मान खाली जात नसे. वर्षभराच्या कामाचा तो हक्कच होता. १८९६ साली सुरू झालेल्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेने भाऊबीज निधी उभा केला. स्वयंसेवक घरोघरी जाऊन ओवाळणी मागत आणि त्या पैशांतून मुलींची शिक्षणे होत. ज्या बहिणीला आपण कधी पाहिलेलेही नाही तिला ओवाळणी घालणे, यापेक्षा मोठी भाऊबीज मला माहीत नाही.

आज घरात सगळ्यांत जास्त राबते ती धुण्याभांड्याची बाई. बोनसच्या कायद्याने त्यात बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के, म्हणजे बोनससाठी धरलेल्या वर्षाच्या पगाराचा साधारण बारावा हिस्सा मिळतो. घरकाम करणारी त्या कायद्यात बसत नाही. तिची दिवाळी आपल्या मर्जीवर. मग तिच्या हातावर कोणीतरी आपल्याला दिलेला आणि आपल्याला नको असलेला मिठाईचा डबा ठेवला जातो. त्याला भेट म्हणायची मला लाज वाटते.

म्हणून एक कळकळीची विनंती. यंदा खरेदीची यादी करताना पहिले नाव तिचे लिहा, दुसरे रखवालदाराचे, तिसरे कचरा नेणाऱ्याचे. तिला पूर्ण महिन्याचा जादा पगार द्या, आणि तोही वसुबारसेच्या आधी, म्हणजे तिच्या मुलांचे कपडे वेळेवर येतील. ते झाल्यावर पैसे उरले, तर साहेबांच्या डब्याचा विचार करा. नाही उरले, तर साहेबांचे काहीही अडणार नाही.