प्रशिक्षक गेला, तिजोरीच्या किल्ल्या तिथेच

२५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या राजधानीत, बॅटन रूज येथे, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल संघ टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून ४९-२५ असा हरला. मध्यंतरापर्यंत घरचा संघ आघाडीवर होता; नंतर तो पार कोसळला. सामना संपण्याच्या कितीतरी आधी लोक उठून चालू लागले आणि जे बसून राहिले त्यांनी प्रशिक्षक ब्रायन केली यांना हाकला अशा घोषणा दिल्या. दुसऱ्याच दिवशी केली यांना दूर करण्यात आले. लोकांनी मागणी करावी आणि चोवीस तासांच्या आत सत्ताधीशांनी ती पुरी करावी, हे कोणालाही लोकशक्तीचा विजय वाटेल. आमचे म्हणणे असे, की तो विजय नव्हता. लोकांच्या संतापाचा लोकांच्याच खिशाविरुद्ध केलेला तो वापर होता.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हटला की जिमखान्याचे वार्षिक सामने, दोनचारशे प्रेक्षक आणि प्राचार्यांच्या हस्ते ढाल, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. तेथील प्रकार निराळा आहे. या विद्यापीठाच्या टायगर स्टेडियममध्ये १,०२,३२१ माणसे बसतात आणि बॅटन रूज शहराची वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. मिसिसिपीकाठचे हे तेलशुद्धीकरण कारखान्यांचे गाव. शनिवारी सकाळपासून मैदानाबाहेर मोटारींच्या मागे चुली पेटतात, गंबोची पातेली चढतात, आजोबा नातवाला घेऊन येतात. या माणसांना भाबडे म्हणून हिणवणे सोपे आहे. आमच्यातील काही बुद्धिवंत ते करतीलही. पण ज्या समाजात कामगारवस्तीला एकत्र येण्याच्या जागा एकेक करून हिरावल्या गेल्या, तेथे शनिवारची ही जत्रा लोकांनी जिवापाड जपली यात नवल नाही. त्यांचे प्रेम खरे आहे आणि म्हणूनच त्यांचा रागही खरा आहे. प्रश्न तो राग कोणाच्या पदरी पडतो एवढाच आहे.

त्या प्रेमाची किंमत पुरेपूर वसूल केली जाते. हंगामाचे तिकीट हवे असेल तर अनेक जागांसाठी तिकिटाच्या दरावर विद्यापीठाशी संलग्न अशा फाउंडेशनला वेगळी ‘देणगी’ द्यावी लागते. जागा जितकी चांगली तितकी देणगी मोठी. देणगी न दिल्यास जागा मिळत नाही, तरी तिला देणगी म्हणायचे! अमेरिकेतील सर्वच मोठ्या विद्यापीठांत ही रीत आहे आणि २०१७ च्या करकायद्याने सवलत रद्द करेपर्यंत अशा देणगीचा ८० टक्के भाग करपात्र उत्पन्नातून वजा होत असे. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी सामना पाहिला नाही, त्या करदात्यानेही श्रीमंताच्या मोक्याच्या जागेचा काही भार वर्षानुवर्षे उचलला.

आता हा पैसा कोठे जातो ते पाहा. केली यांना २०२१ साली दहा वर्षांचा, साडेनऊ कोटी डॉलरचा करार देण्यात आला. करार मध्येच मोडला तर उरलेल्या वर्षांच्या पगाराचा बहुतांश भाग विद्यापीठाने द्यायचा, हे त्यातच लिहिलेले होते. त्यामुळे चौथ्या हंगामात त्यांना काढताच सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचे देणे उभे राहिले. विद्यापीठाने आधी घासाघीस केली, वाद न्यायालयाच्या दारी गेला आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी विद्यापीठाने पूर्ण रकमेची जबाबदारी मान्य केली. केली यांच्या आधीचे एड ऑर्जेरॉन यांनी २०१९ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. दोन वर्षांनी त्यांना निरोप देताना सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर मोजले गेले. कारखान्यातल्या कामगाराला नालायक ठरवून काढले तर त्याच्या हाती पंधरवड्याचा पगार पडतो की नाही याची शाश्वती नसते. येथे अपयशाचेच सात पिढ्या पुरेल असे पेन्शन!

केली यांना आणणारे क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड पूर्वी याच टेक्सस ए अँड एम विद्यापीठात होते. तेथे २०१७ साली त्यांनी जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला दहा वर्षांचा साडेसात कोटी डॉलरचा हमीबंद करार दिला. २०२३ मध्ये फिशर यांना काढताना त्या विद्यापीठावर सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरचा बोजा पडला. न्यायाने सांगितले पाहिजे, की फिशर यांचा करार वाढवून हा बोजा फुगवला तो २०२१ साली, वुडवर्ड तेथून निघून गेल्यावर, दुसऱ्या संचालकाच्या हातून. आमच्या दृष्टीने हीच गोष्ट अधिक बोलकी आहे. माणूस बदलला, पण लेखणीची शाई तीच राहिली.

केली गेले त्याच आठवड्यात राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पत्रकारांसमोर करदात्यांचा कैवार घेतला. असले करार यापुढे चालणार नाहीत, नवा प्रशिक्षक वुडवर्ड निवडणार नाहीत, असे त्यांनी ठणकावले. दुसऱ्याच दिवशी वुडवर्डही गेले. अर्थात रिकाम्या हाताने नव्हे. चाहत्यांनी टाळ्या पिटल्या. पण विद्यापीठाच्या ज्या नियामक मंडळाने केली यांचा करार संमत केला, त्या मंडळाचे एक विद्यार्थी-प्रतिनिधी वगळता सर्व सदस्य राज्याचा गव्हर्नरच नेमतो, ही गोष्ट त्या गर्जनेत बुडून गेली. करार झाला तेव्हा गव्हर्नर दुसरे होते हे खरे. पण लँड्री यांनी नेमणुकीची ही पद्धत बदलण्याची भाषा केली नाही, त्यांनी केवळ माणसे बदलण्याची केली. आणि ३० नोव्हेंबर रोजी नवे प्रशिक्षक लेन किफिन यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा करार निघाला सात वर्षांचा आणि सुमारे ९ कोटी १० लाख डॉलरचा. वर्षाच्या हिशेबाने तो केली यांच्यापेक्षा महाग आहे. करदात्यांचा कैवार एक महिनाभर टिकला.

लुइझियानात हे नवे नाही. १९२८ साली गव्हर्नर आणि पुढे सिनेटर झालेला ह्यूई लाँग गरिबांचा पुढारी म्हणवीत असे. स्टँडर्ड ऑइलशी तो झुंजला, शाळकरी मुलांना त्याने फुकट पुस्तके दिली, हे त्याच्या खात्यावर मांडलेच पाहिजे. पण विद्यापीठाचा फुटबॉल संघ ही तो आपली खाजगी मालमत्ता समजे. १९३४ च्या डिसेंबरात ओरेगनविरुद्धच्या सामन्यात संघ पिछाडीवर असताना मध्यंतराला खेळाडूंपुढे भाषण करण्याचा त्याने हट्ट धरला. प्रशिक्षक बिफ जोन्स यांनी त्याला नकार दिला आणि त्या सामन्यापासूनच पद सोडले. त्याआधी, १९३१ साली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी अडीच लाख डॉलर राखून ठेवलेले होते. क्रीडाविभागाच्या कारभाऱ्याने तोड सुचवली: स्टेडियमच्या भिंती उंच करा, वर प्रेक्षक बसवा आणि खालच्या पोकळीत खोल्या काढून विद्यार्थी ठेवा. तसेच झाले. पुढे कित्येक दशके विद्यार्थी प्रेक्षकांच्या पायाखाली राहिले. ही योजना ज्यांच्या अमदानीत झाली ते विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स मनरो स्मिथ १९३९ साली पैशांच्या अफरातफरीत पकडले जाऊन तुरुंगात गेले.

त्या खोल्या आज वापरात नाहीत, पण प्रेक्षक वर आणि विद्यार्थी खाली ही मांडणी काही मोडली नाही. २००८ नंतर उच्च शिक्षणाच्या अनुदानात ज्या राज्यांनी सर्वांत खोल कात्री चालवली त्यांत लुइझियाना होते. २०१५ च्या एप्रिलमध्ये या विद्यापीठाला आर्थिक दिवाळखोरीच्या घोषणेचा मसुदा तयार करावा लागला. २०१६ च्या फेब्रुवारीत तत्कालीन गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांना अर्थसंकल्पाची तूट किती गंभीर आहे हे जनतेला पटवायचे होते. तेव्हा त्यांनी दूरचित्रवाणीवरून काय सांगितले? फुटबॉलचा पुढचा हंगाम धोक्यात येईल! प्राध्यापक कमी होतील, वर्ग बंद पडतील, या धमक्यांनी कोणी हलत नव्हते. २०१९ साली खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या दालनांसह फुटबॉलच्या इमारतीचे २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून नूतनीकरण झाले, त्या काळात विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरत होते. आणि ज्या वर्षी केली यांना निरोप दिला गेला, त्याच २०२५ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने नोकरभरती गोठवली होती.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: क्रीडाविभाग स्वतःच्या कमाईवर चालतो, देणगीदार स्वखुशीने देतात, ग्रंथालयाचा पैसा त्यात नाही. हिशेबाच्या वहीपुरते ते बरेचसे खरे आहे, आणि विरोधकाचे खरे असेल ते मान्य करावे. पण ही कमाई कोठून येते? विद्यापीठाच्या नावातून, जमिनीतून, करमुक्त दर्ज्यातून आणि शतकभराच्या लोकांच्या निष्ठेतून. ही सारी सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्यावरचे व्याज मात्र मूठभर देणगीदार आणि त्यांच्या पसंतीचे कारभारी वाटून घेतात. देणगीदाराचा पैसा खाजगी, म्हणून निर्णयही खाजगी. आणि तोटा झाला की संताप मात्र सार्वजनिक!

या हिशेबात मैदानावर हाडे मोडून घेणारा खेळाडू कोठे आहे? ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोंडस शब्द अमेरिकेतील कॉलेज-क्रीडा संघटनेने १९५० च्या दशकात घडवला, तो खेळाडूला कामगार ठरवून भरपाई द्यावी लागू नये म्हणून. संघटनेचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात याची कबुली दिली. कोलोरॅडोत मैदानावरील दुखापतीने मरण पावलेल्या एका शिष्यवृत्तीधारक खेळाडूच्या विधवेला १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. ही भिंत पडायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे आहेत आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले आहेत. पण त्यावर कमाल मर्यादा आहे: २०२५-२६ या वर्षी एका विद्यापीठाच्या सर्व खेळांतील सर्व खेळाडूंसाठी मिळून २ कोटी ५ लाख डॉलर. एकट्या केली यांना काम न करण्याबद्दल द्यावयाची रक्कम याच्या अडीचपटीहून अधिक आहे. खेळाडूच्या मोबदल्याला मर्यादा आहे. प्रशिक्षकाच्या मोबदल्याला ती घालण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

चाहत्यांचा संताप नुसत्या घोषणांपलीकडे जाऊ शकतो याचा दाखला शेजारच्याच प्रदेशात आहे. अलाबामातील बर्मिंगहॅम हे जुने पोलादाचे शहर. २ डिसेंबर २०१४ रोजी तेथील विद्यापीठाचे अध्यक्ष रे वॉट्स यांनी फुटबॉल संघ बंद केला. सोबत बोलिंग आणि नेमबाजीचे संघही. कारण सांगितले खर्चाचे, आधार दिला भाडोत्री सल्लागारांच्या अहवालाचा. संघ तर त्या वर्षी गेल्या दहा वर्षांत प्रथमच चांगला खेळला होता. चाहत्यांचा आक्षेप असा होता की त्यांच्यावर सत्ता चालवणाऱ्या विश्वस्त मंडळात टस्कलूसा येथील थोरल्या विद्यापीठाच्या माणसांचेच वजन आहे आणि धाकट्याने डोके वर काढलेले त्यांना खपत नाही. ते काहीही असो. ही माणसे शिव्या देऊन घरी गेली नाहीत. खेळाडूंनी अध्यक्षांना तोंडावर जाब विचारला. प्राध्यापकांच्या सभेने अविश्वासाचा ठराव केला. अहवालातील आकडे दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले गेले आणि ते वादग्रस्त ठरले. शहराने पैसा उभा केला. १ जून २०१५ रोजी त्याच अध्यक्षांना निर्णय फिरवावा लागला. २०१७ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला आणि पुढच्याच वर्षी आपल्या गटाचा विजेता झाला.

तेही अर्धेच यश होते, हे लपवण्यात अर्थ नाही. संघ परत आला, पण मंडळ जसेच्या तसे राहिले, अध्यक्षही राहिले, आणि पैसा देणाऱ्या उद्योगपतींचे वजन वाढले ते वेगळेच. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात याच बर्मिंगहॅमचा संपूर्ण फुटबॉल संघ एकजुटीने खेळाडूंच्या एका संघटनेत सामील झाला. मोठ्या विद्यापीठांच्या स्तरावर असे करणारा तो पहिला संघ. त्याच वर्षी मार्चमध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला होता. तो अर्ज वर्षअखेर मागे घ्यावा लागला, तरी कौल दिला गेला ही नोंद पुसता येत नाही.

बॅटन रूजच्या चाहत्याला कोणी सांगावे, की आपल्याला नव्या प्रशिक्षकाचा जयजयकार करायचा की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. करार सहीपूर्वी जनतेपुढे ठेवा. हमीच्या रकमेला मर्यादा घाला. मंडळावर गव्हर्नरच्या मर्जीतल्यांऐवजी प्राध्यापक, खेळाडू आणि तिकीटधारक यांनी निवडलेले सदस्य बसवा. फाउंडेशनचे हिशेब उघडे करा. या मागण्या स्टेडियममध्ये घोषणा म्हणून नीट घुमणार नाहीत, त्यांना ठेका नाही. पण एक लाख माणसांनी एका हंगामाची ‘देणगी’ रोखून धरली, तर त्या घुमण्याची गरजही उरणार नाही. केली यांचे पैसे हप्त्याहप्त्याने जात राहतील आणि किफिन यांच्या कराराची सहा वर्षे पुढे उभी असतील, तेव्हा फाउंडेशनचे देणगीचे पत्र प्रत्येक तिकीटधारकाच्या घरी येईलच.